फौजी, तुमचा ट्रेड कोणता?

(गणेशोत्सवातील माजी सैनिक सत्काराच्या निमित्ताने झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. सतरा वर्षे फौजेत काढली आणि त्यातली बहुतेक टेबलामागे काढली. ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये मी क्लर्क होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. नागपूरजवळच्या कामठीला आमचे रेजिमेंटल सेंटर आहे, आणि जवानांचे कागद सांभाळणारे रेकॉर्ड ऑफिसही तिथेच. आपल्याकडचे पुष्कळ लोक नागपूर-भंडारा-गोंदियाकडचे, त्यामुळे कामठी म्हटले की तुम्हाला लगेच समजते. मी रायफलीपेक्षा पेन जास्त चालवला, हे आधीच सांगून टाकतो. कारण आजचा विषय त्यावरच आहे. माणूस फौजेत होता म्हणतो, तेव्हा तो खरा की खोटा हे कसे ओळखावे, आणि ओळखताना आपली चूक कशी होते.

विषय कसा निघाला ते पुष्कळांना ठाऊक आहे. नेवई आणि रिसालीकडच्या काही पोरांना एक गृहस्थ भेटले होते. अंगात ठिपक्याठिपक्यांची जॅकेट, पायात बूट, मोबाईलच्या पहिल्या पडद्यावर हेलिकॉप्टरचे चित्र. आपण स्पेशल फोर्समध्ये कॅप्टन होतो, भरतीतले सगळे आपल्या ओळखीचे आहेत, असे सांगून त्यांनी पोरांकडून आगाऊ रक्कम घेतली. एका पोराच्या आईने त्यासाठी गळ्यातले मोडले. तो पोरगा मला काका म्हणतो. तो त्या गृहस्थांना घेऊन माझ्या घरी आला. मला विचारायला नव्हे हो, ओळख करून द्यायला आणला! माझाही सत्कार होतो ना, म्हणजे दोन फौजी भेटतील, असे बिचाऱ्याला वाटले.

मी चहा दिला आणि विचारले, "साहेब, पलटण कोणती?"

"ते सांगता येत नाही. गुप्त असते."

"बरं, नंबर?"

"तोही गुप्त."

"राहू द्या. भरती कोणत्या ट्रेडमध्ये झाली होती?"

ते म्हणाले, "नाही काका, मी ट्रेडिंगमध्ये कधीच नव्हतो."

मला हसू आवरेना. पोराला मात्र रडू आले. साहेबांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. पुढे पोलिसांपर्यंत गोष्ट गेली. काही पैसे परत मिळाले, काही नाही मिळाले. त्या बाईचे मोडलेले परत आले नाही.

कॅप्टनच होते म्हणतात तर त्यांना ट्रेड नसेलही, कारण ट्रेड जवानांना असतो. अधिकारी आपला आर्म सांगतो, कमिशन कोणते ते सांगतो. पण सेनेत एक दिवस जरी काढला तरी 'ट्रेड' हा शब्द कानावर पडतोच. अधिकाऱ्याच्या हाताखालची माणसे ट्रेडवरूनच तर मोजली जातात. अमका ड्रायव्हर रजेवर, तमका ऑपरेटर हॉस्पिटलात, लंगरला दोन कुक कमी, असे रोज सकाळी त्याच्या कानावर येते.

आता हा ट्रेड म्हणजे काय ते जरा विस्ताराने सांगतो. बाहेरच्या लोकांना वाटते, फौजेत सगळे जण बंदूक घेऊन उभे असतात. तसे नाही. भरतीच्या दिवशीच जवानाचे काम ठरते आणि ते कागदावर चढते. सोल्जर जनरल ड्यूटी, ज्याला आम्ही जीडी म्हणतो, तो पायदळाचा कणा. मग क्लर्क, स्टोअरकीपर, टेक्निकल, नर्सिंग असिस्टंट. तोफखान्यात तोफेवरचा गनर वेगळा, गाडी चालवणारा वेगळा, वायरलेसचा ऑपरेटर वेगळा, नकाशावर हिशेब मांडून तोफेला दिशा देणारा टेक्निकल असिस्टंट वेगळा. ईएमईत वाहनांचा मेकॅनिक, शस्त्रे दुरुस्त करणारा आर्मरर. आणि प्रत्येक पलटणीत कुक, धोबी, न्हावी, शिंपी, बूट दुरुस्त करणारा, सफाईवाला. हे सगळे सैनिकच. यांनाही ट्रेनिंग, यांनाही रायफल, यांचीही क्वार्टर गार्डवर पाळी. बर्फातल्या पोस्टवर ज्याने रॉकेलच्या स्टोव्हवर चाळीस माणसांची रोटी केली, त्याला विचारा फौज म्हणजे काय. तो जे सांगेल ते कोणत्याही सिनेमात नाही.

अमेरिकेत तर प्रत्येक कामाला सांकेतिक क्रमांक आहे. त्यांच्या लष्करात पायदळाचा शिपाई ११-बी, जखमींवर उपचार करणारा ६८-डब्ल्यू, ट्रक चालवणारा ८८-एम. निवृत्तीच्या वेळी डीडी-२१४ नावाचा कागद मिळतो, त्यावर हा क्रमांक असतो. कुणी फुशारकी मारू लागला की तिथले माजी सैनिक पहिला प्रश्न हाच करतात, तुझा क्रमांक काय? माझा भाचा तिकडे आहे, तो सांगतो की बारमध्ये बसलेले म्हातारेसुद्धा असे विचारतात. आपल्याकडे आकडे नाहीत, नावे आहेत, पण प्रश्न तोच.

माझा अनुभव असा, की खोटे बोलणारा कधीच कुक नसतो. तो कधी क्लर्क नसतो, धोबी नसतो, स्टोअरमध्ये ब्लँकेटा मोजणारा नसतो. तो नेहमी कमांडो. नाहीतर ब्लॅक कॅट. आणि खरा माणूस विचारल्यावर आधी थोडा लाजतो, मग म्हणतो, "मी एमटीत होतो, गाडी चालवायचो." त्यानंतर गाडीबद्दल बोलायला लागला की थांबत नाही.

आता नावांची गंमत सांगतो. पायदळातला शिपाई 'सिपाही', पण तोफखान्यात तोच 'गनर', इंजिनिअर्समध्ये 'सॅपर', सिग्नल्समध्ये 'सिग्नलमन', ईएमईत 'क्राफ्ट्समन', रणगाड्यांच्या दलात 'सवार', आमच्याकडे 'गार्ड्समन'. रणगाडेवाल्यांत नायक-हवालदार नसतात, तिथे लान्स दफेदार आणि दफेदार, आणि सुभेदाराच्या जागी रिसालदार. कुणी म्हणाला, मी टँकवर हवालदार होतो, तर कान टवकारावेत. लगेच गळा मात्र धरू नये, टँकांजवळ ईएमईचा हवालदारही असतो!

तसेच प्रत्येक दलाच्या रेकॉर्ड ऑफिसचे गाव असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगाव, महार रेजिमेंटचे सागर, तोफखान्याचे नाशिक रोड, रणगाडेवाल्यांचे नगर, बॉम्बे सॅपर्सचे खडकी, सिग्नल्सचे आपल्या जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबाद. माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण हे गाव विसरणार नाही. कारण त्याचे लग्न झाले, मूल झाले, रजा घेतली, बदली झाली, तरी त्याची पार्ट टू ऑर्डर निघून ती नोंद तिथे जाते. त्याच्या शीट रोलवर सगळे आयुष्य उतरते. मी हेच काम करत होतो. कुणाला जुळे झाले हे त्याच्या गावाआधी मला कळायचे.

नंबराचे शास्त्र मी पूर्ण सांगत बसत नाही, रात्र होईल. एवढेच सांगतो की अधिकाऱ्यांच्या नंबराआधी आयसी किंवा एसएस अशी अक्षरे असतात, सुभेदार वगैरेंच्या आधी जेसी. नंबराच्या शेवटी जे अक्षर येते ते मनाने घातलेले नसते, आकड्यांच्या हिशेबातून निघते. आणि जवानांचे जुने नंबर पाहिले तर सुरुवातीच्या आकड्यांवरून रेजिमेंट कळते. ग्रेनेडिअर्सचा २६ ने, मराठ्यांचा २७ ने, बिहार रेजिमेंटचा ४२ ने, महारांचा ४५ ने. १९६५ चे परमवीर अब्दुल हमीद यांचा नंबर २६३९८८५, ते ग्रेनेडिअर्सचे, बरोबर जुळते.

पण इथेच एक खड्डा आहे. आमच्या १४ गार्ड्सचे लान्स नायक अल्बर्ट एक्का, गुमल्याकडचे आदिवासी जवान. १९७१ च्या डिसेंबरात गंगासागरच्या लढाईत त्यांनी प्राण दिले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. त्यांचा नंबर ४२३९७४६. गार्ड्सचा माणूस आणि नंबर बिहार रेजिमेंटचा! एखादा अर्धवट शहाणा म्हणेल, जुळत नाही, खोटा आहे. खरे असे, की ते १९६२ साली बिहार रेजिमेंटमध्ये भरती झाले होते, आणि १९६८ मध्ये १४ गार्ड्स उभी राहिली तेव्हा तिकडे गेले. पलटण बदलली, नंबर सोबत गेला. ज्या तपासणीत परमवीरसुद्धा नापास होऊ शकतो, ती किती ताणायची याचा विचार करा.

पदकांचे थोडक्यात. १९९७ साली स्वातंत्र्याच्या पन्नाशीचे पदक त्या वेळी नोकरीत असलेल्या सर्वांना मिळाले. २००३ ला भरती झालेल्याच्या छातीवर ते दिसले तर विचारायला हरकत नाही. कारगिलसाठी दोन वेगळी आहेत, प्रत्यक्ष मोहिमेच्या भागात असणाऱ्यांना ऑपरेशन विजय स्टार, आणि त्यासाठी हलवलेल्या इतरांना ऑपरेशन विजय मेडल. परमवीर चक्र आजवर फक्त २१ जणांना मिळाले आहे, ते कुणी चहाच्या टपरीवर दाखवत नाही. आणि वय! १९७१ च्या लढाईत अठरा वर्षांचा असलेला जवान १९५३ चा जन्मलेला. आज साठीतला माणूस बांगलादेशच्या आठवणी सांगू लागला तर त्या वडिलांच्या असाव्यात.

आता कुणी म्हणेल, नंबर-बिंबर नव्हते तेव्हा काय करत होते? तर आपल्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे, तोतयाचे बंड. न. चिं. केळकरांनी त्या नावाचे नाटक लिहिले, जुन्या मंडळींना ते माहीत असेल. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते मानले नाही. पुढे कनोजकडचा एक ब्राह्मण, सुखनिधान, मीच भाऊ म्हणून उभा राहिला. पकडला, चौकशी झाली, तोतया ठरला, कैदेत पडला. एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण १७७६ मध्ये रत्नागिरीच्या सुभेदाराने त्यालाच सोडवून पुढे केले आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, फौज जमली. शेवटी त्याचा पराभव झाला, आंग्र्यांनी त्याला धरले आणि पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. पंधरा वर्षे होऊन गेली होती पानिपताला! एकदा खोटा ठरलेला माणूस लोकांनी पुन्हा खरा का मानला? मला वाटते, ज्यांच्या घरचा माणूस पानिपतावरून परत आला नव्हता, त्यांना भाऊ जिवंत हवे होते. भाऊ परत येऊ शकतात तर आपलाही येईल. त्या पोराच्या आईचेही तसेच झाले. मुलगा भरती व्हावा असे तिला इतके वाटत होते की कॅप्टन खोटा असेल हे तिला परवडणारच नव्हते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. ही गोष्ट मंडळातले जुने लोक जाणतात, आणि मी ती आज मुद्दाम माईकवर सांगतो आहे.

२००९ च्या गणपतीत आपल्याकडे माजी सैनिकांना शाल-श्रीफळ देण्याचा कार्यक्रम होता. यादी कार्यकर्त्या मुलांनी केली होती. त्यात गोंदियाकडचे एक भाऊ होते. नाव घेत नाही, त्यांनीच घेऊ नका म्हटले आहे. कारखान्याबाहेर एका ठिकाणी ते सिक्युरिटीत होते. कार्यक्रम माझ्याकडे होता. प्रत्येकाला मंचावर बोलावून मी नंबर आणि पलटण विचारत होतो, लोकांना बरे वाटावे म्हणून. ते आले. म्हणाले, "१९९९ ला कारगिलला होतो." टाळ्या झाल्या. मी नंबर विचारला. त्यांनी सांगितला, तो जीएस अक्षरांनी सुरू होत होता.

झाले, माझ्यातला क्लर्क जागा झाला. मी माईकवरच म्हणालो, "भाऊ, हा फौजेचा नंबर नव्हे. हा रस्तेवाल्यांचा. तुम्ही तिकडे रोलर चालवत होता काय?" लोक हसले. मीही हसलो. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, नीट चार घड्या केल्या, खुर्चीवर ठेवली आणि मंडपाबाहेर गेले. आरतीला थांबले नाहीत.

माझे नियमाप्रमाणे बरोबर होते. जीएस हा जीआरईएफचा नंबर, म्हणजे सीमा सडक संघटनेसाठी काम करणारे दल. माजी सैनिकाच्या व्याख्येत ते बसत नाहीत. पण चार दिवस मला जेवण गेले नाही. विसर्जन झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पत्र्याच्या पेटीतून कागद काढून पुढे ठेवले. ट्रेड लिहिला होता, ऑपरेटर एक्सकेव्हेटिंग मशिनरी. म्हणजे डोझर चालवणारा. नोकरी हिमांक प्रकल्पात, लडाखमध्ये. श्रीनगर-लेह रस्त्यावर समोरून तोफा डागल्या जात होत्या, आणि त्याच रस्त्याने तोफगोळे, रसद आणि जवान वर जायचे होते. खड्डा पडला की तो भरायला डोझर लागतो, आणि डोझर काही खंदकात लपवून चालवता येत नाही.

ते फार बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "मी सैनिक होतो असं मी कुठं म्हटलं होतं? कारगिलला होतो म्हणालो. यादीत माझं नाव पोरांनी टाकलं."

खरेच होते. त्यांनी एक अक्षर खोटे सांगितले नव्हते. मी त्यांना ट्रेड विचारलाच नाही, फक्त नंबर विचारला. ट्रेड विचारला असता तर त्यांनी सांगितला असता आणि मंडपातल्या लोकांना एक नवी गोष्ट कळली असती. तसेही १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने शिस्तीच्या कायद्यापुरते जीआरईएफला सशस्त्र दलांचाच भाग मानले आहे. हे मला नंतर कळले. क्लर्क असून नंतर कळले!

आणि असे लोक आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. सीआरपीएफ, बीएसएफ, आपल्या कारखान्याच्या फाटकावर उभे असलेले सीआयएसएफ, सगळ्यांना गावात 'फौजी' किंवा 'मिलिटरीवाला' म्हणतात. सीआरपीएफमध्येही जीडी असतो. ते खोटे बोलत नसतात, आपला शब्द ढिला असतो.

मग खातरजमा करायचीच नाही काय? करायची. जिथे पैसा, नोकरी, घर किंवा मुलीचे लग्न गुंतले आहे तिथे करायलाच हवी. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत क गटात साडेचौदा टक्के आणि ड गटात साडेचोवीस टक्के जागा माजी सैनिक व शहीदांच्या कुटुंबीयांसाठी ठरवलेल्या आहेत. तिथे खोटा कागद घेऊन कुणी बसला, तर कुणा विधवेच्या मुलाची जागा गेली. पण ही तपासणी मंडपात नाही, कागदावर. डिस्चार्ज बुक मागा. त्यात नंबर, रँक, ट्रेड, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, चारित्र्य, अंगावरची खूण, सगळे असते. पेन्शनवाला असेल तर अलाहाबादहून निघालेला पीपीओ असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र असते. रेकॉर्ड ऑफिस तुम्हा-आम्हाला कुणाची माहिती देणार नाही, देऊही नये, पण नोकरी देणारी संस्था पत्र पाठवून विचारू शकते. खऱ्या माणसाला कागद दाखवायला राग येत नाही, एकांतात आणि अदबीने मागितले तर.

अमेरिकेत २००७ साली कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळाचा निवडून आलेला सदस्य, झेवियर अल्वारेझ, सभेत उठून म्हणाला की मी पंचवीस वर्षे मरीन होतो आणि मला सर्वोच्च शौर्यपदक मिळाले आहे. एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. खटला झाला. पण २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला, नुसते खोटे बोलणे गुन्हा होऊ शकत नाही म्हणून. मग २०१३ मध्ये नवा कायदा आला, पैसा किंवा लाभासाठी खोटे पदक सांगितले तर गुन्हा. आपल्याकडे लोकांना सैनिक वाटावे या हेतूने गणवेश घालणे हा गुन्हा आहेच. पूर्वी दंडविधानाचे कलम १४० होते, २०२४ पासून न्याय संहितेचे कलम १६८. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. मला अमेरिकेचा नवा कायदा पटतो. गप्पा मारणाऱ्याला गप्पा मारू द्याव्यात, पैसे मागू लागला की उठावे.

माता-भगिनींना एक सांगायचे राहिले. फोनवर जो म्हणतो की मी आर्मीत आहे, बदली झाली म्हणून स्कूटर स्वस्तात विकतो किंवा तुमचे घर भाड्याने घेतो, आणि ओळखपत्राचा, कँटीन कार्डाचा फोटो पाठवतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो फोटो कुणा खऱ्या जवानाचा चोरलेला असतो. पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पैसे देण्यासाठी करावा लागतो. आणि पोरांनो, भरती फुकट आहे. २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती होते, २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा. तिथे कोणत्याही कॅप्टनची ओळख चालत नाही, खऱ्याचीसुद्धा नाही.

यंदाच्या सत्काराच्या यादीत मी एक बदल सुचवला होता आणि कार्यकारिणीने तो मानला. नावापुढे रँकसोबत ट्रेडही लिहायचा. त्यामुळे उद्या संध्याकाळी तुम्हाला ऐकू येईल, हवालदार, ड्रायव्हर. नायक, कुक. सिग्नलमन, लाइनमन. आणि यादीच्या शेवटी, जीआरईएफ, डोझर ऑपरेटर. भाऊ येणार आहेत की नाही हे अजून नक्की नाही, मी आज सकाळी पुन्हा जाऊन आलो. वहिनी म्हणाल्या, बघू. उद्या शाल माझ्या हातून द्यावी अशी विनंती मी अध्यक्षांना केली आहे.

गणपती बाप्पा मोरया!